आधी पाय, मग हात

अगं, बेसवर उभं केलंय ना तुला? मग एवढी धास्ती कशाची? बरं, मला कळतंय तुझ्या डोक्यात काय चाललंय ते. शाळांचे सॉफ्टबॉलचे सामने, शिवाजी पार्कचं मैदान आणि पंच दोनच. एक जण मास्क लावून कॅचरच्या मागे राहणार. उरलेले तीन बेस, धावत्या मुली, बाहेरून ओरडणारे सर आणि कट्ट्यावर बसलेले जन्मजात तज्ज्ञ, हे सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात! नियमांचं पुस्तक पाठ झालं, परीक्षा पास झालीस, आणि आता झोप उडाली. खरं सांगू का, नियमांची भीती तुला नाहीच आहे. ‘माझा निर्णय चुकला तर?’ हा भुंगा आहे. आणि बघ, बेसवरचे बहुतेक निर्णय चुकतात ते पायांमुळे. पंच चुकीच्या जागी उभी असते, म्हणून तिला चुकीचं दिसतं, म्हणून ती चुकीचं बोलते. योग्य जागी पोचलीस तर आऊट की सेफ हे बऱ्याचदा आपसूक दिसतं. तेव्हा आज आपण पायांचंच बोलू.

आपण दादर-माहीमकडच्या मुली क्रिकेट बघत वाढलो. पंच म्हणजे पांढऱ्या कोटातला, एका जागी उभा असलेला गृहस्थ, हेच चित्र डोळ्यांसमोर असतं. पण त्यातला बॉलरच्या टोकाचा पंच आठव. रनआऊटच्या वेळी तो धावत क्रीजच्या रेषेत का येतो? बेस अंपायरचं कामही तेच, फक्त तिला दर चेंडूला नवी रेषा शोधावी लागते. दोन बेसमध्ये ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. पळणारी मुलगी चांगली असली तर तीन-साडेतीन सेकंदांत खेळ खलास. त्यामुळे ‘आधी बघते, मग हलते’ असं करून चालत नाही.

सगळे बेस रिकामे असतील तेव्हा तुझी जागा फर्स्ट बेसच्या मागे, रेषेच्या बाहेर, फाऊलच्या बाजूला. बेसपासून साधारण १८ ते २० फूट. दोन्ही पाय फक्कीच्या रेषेच्या बाहेर ठेव. बॉल पिचरच्या हातातून सुटायच्या बेताला आला की एक-दोन छोटी पावलं पुढे टाकत राहा. पुतळ्यासारखी रुतून राहिलीस तर पहिला सेकंद पाय उचलण्यातच जातो.

आता बॅटरने ग्राउंडर मारला, शॉर्टस्टॉपने उचलला आणि फर्स्टला फेकला. इथे नवीन पंच काय करते? बेसच्या जवळ धाव घेते. जवळ गेलं की नीट दिसतं असं वाटतं ना? उलट आहे गं. फार जवळ गेलीस की बेसवरचा पाय बघशील तर ग्लोव्ह दिसणार नाही, ग्लोव्ह बघशील तर पाय सुटेल. तू फाऊलची रेषा ओलांडून फेअरच्या बाजूला ये आणि थ्रो ज्या दिशेने येतोय त्या दिशेशी काटकोन कर. १५ ते १८ फुटांवर थांब. थांब म्हणजे खरंच थांब, चालता चालता निर्णय द्यायचा नाही. शरीर हलत असलं की डोळेही हलतात आणि जवळचा निर्णय गढूळ होतो. या जागेवरून चार गोष्टी एका नजरेत आल्या पाहिजेत: बॉल, बॉल घेणारी मुलगी, पळणारी मुलगी आणि बेस. यातली एकही दुसरीच्या आड गेली तर समज, कोन चुकला. अंतर दोन-चार पावलं कमी-जास्त झालं तर चालतं, कोन चुकला तर नाही.

थ्रो सुटताना तो सरळ येतोय का तेवढं बघ आणि मग नजर बेसवर रोव. पुस्तकी सल्ला असा की डोळे पायांवर ठेवायचे आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी ऐकायचा. सल्ला चांगलाच आहे, पण शिवाजी पार्कावर कानांवर फार विसंबू नकोस. शेजारी दोन-तीन क्रिकेटचे सामने चालू असतात, त्यांच्या बॅटचा आवाज, त्यांचं अपील, पलीकडे नेटमधली ठोकाठोक. नेमका तुझा थ्रो येताना कुठूनतरी ‘थप्प’ येतो. म्हणून आवाज ऐकलास तरी नजर वर उचलून बॉल हातात पक्का आहे ना, हे बघ आणि मगच हात वर कर. नवखी असताना मी एकदा झोकात ‘आऊट!’ म्हणून मूठ वर केली होती आणि बॉल बाईसाहेबांच्या पायाशी लोळत होता. कट्टा हसला, मुली हसल्या, शेवटी मीही हसले. घाई करून बक्षीस मिळत नाही गं. एक श्वास उशिरा दिलेला निर्णय उलट जास्त ठाम वाटतो.

फर्स्टला जोडबेस असेल तर आणखी सोय. आतला पांढरा भाग फिल्डिंग करणाऱ्या मुलीचा, बाहेरचा केशरी भाग पळणारीचा. फर्स्टला निर्णय असताना बॅटरने केशरी भागावर पाय टाकायचा. दोन रंगांवर दोन पाय दिसतात, धडकाधडकी टळते. शाळांच्या सामन्यांत कधीकधी एकच साधा बेस खिळे ठोकून बसवलेला असतो आणि लाल मातीत तो तिसऱ्या इनिंगपर्यंत सैल होतो. बेस सरकला तर त्यात पळणाऱ्या मुलीचा दोष नाही. तो मूळ कुठे होता ते लक्षात ठेव आणि खेळ थांबला की स्वतः हातांनी परत बसव. वाकायला लाजू नकोस.

आता एक गोष्ट पक्की करून ठेव. बॉल इनफिल्डमध्येच असेल तर तू डायमंडच्या बाहेर. बॉल आउटफिल्डला गेला की तू आत. बॉल बाहेर गेल्यावर फिल्डर्सना आणि पळणाऱ्या मुलींना बेसच्या रेषांवर जागा लागते, आणि तुला आत उभं राहून नुसतं वळलं की सगळे बेस दिसतात. रिकाम्या बेसवर हिट गेला की फर्स्टच्या अलीकडून आत शीर, गर्रकन वळ आणि बॅटरचा पाय फर्स्टला लागतोय का ते बघ. ती सेकंडकडे निघाली की तिच्या थोडी पुढे राहा. थर्डपर्यंत ती तुझी, होम प्लेट तुझ्या जोडीदाराची.

बेसवर कुणी रनर असेल तर सुरुवातीची जागाच बदलते. फक्त फर्स्टवर रनर असेल तर तू फर्स्ट आणि सेकंडच्या मधल्या पट्ट्यात, सेकंडच्या जवळ, बेसच्या रेषेच्या बाहेर. सेकंडवर रनर असेल तर सेकंड आणि थर्डच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या खांद्यामागे, पण तिच्या वाटेत नाही. बेसबॉलमध्ये पंच आत उभे राहिलेले तू टीव्हीवर पाहिले असशील. आपल्याकडे मैदान लहान, बॉल अंगावर लगेच येतो. आणि नियम आठव: पिचर सोडून दुसऱ्या कुठल्याही इनफिल्डरला ओलांडायच्या आधी फेअर बॉल तुला लागला, तर बॉल डेड आणि बॅटरला फुकटात फर्स्ट बेस. नडगी दुखेल ती वेगळीच, आणि वर दोन्ही संघांचे सर तुझ्याकडे बघत राहतील! मुली ‘मॅडम, जरा सरका’ म्हणाल्या तर राग मानू नकोस, सरक.

फर्स्टला रनर आहे आणि ग्राउंडर आला, तर दोन निर्णय तुझेच. आधी सेकंड, मग लगेच फर्स्ट. सेकंडला निर्णय दे, पण तिथे रेंगाळू नकोस. थ्रोबरोबर वळ, फर्स्टच्या दिशेने दोन-तीन पावलं टाक आणि थांब. दुसरा निर्णय लांबूनच द्यावा लागणार, तो प्रत्येकीला द्यावा लागतो. चोरीचा बेस असेल, म्हणजे टॅग करायचा असेल, तर मात्र जवळ जा, १०-१२ फुटांवर, आणि कोन रनरच्या वाटेशी कर. टॅग लागल्यावरही एक क्षण थांबून बॉल ग्लोव्हमध्ये आहे ना ते बघ. शाळेच्या मुलींच्या हातून तो सुटतो, फार सुटतो.

आणि आता ते काम, जे कट्ट्यावरच्या कुणाला दिसत नाही. सॉफ्टबॉलमध्ये रनरला आधी लीड घेता येत नाही. बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत तिचा पाय बेसला लागलेला हवा. आधी सुटली तर डेड बॉल, तो पिच मोजायचा नाही आणि रनर आऊट. हे बघायचं काम मुख्यतः तुझं, कारण प्लेटवरची पंच तेव्हा स्ट्राइक बघत असते. जागा अशी निवड की रनरचा मागचा पाय आणि पिचरचा फिरता हात दोन्ही एका नजरेत येतील. हात वरून गोल फिरून मांडीपाशी आला की बॉल सुटतो. त्या क्षणी बुटाची टाच उचललेली असली तरी चवडा बेसच्या कडेवर टेकलेला असतो, आणि तो ठीक आहे. हवेत गेला असेल तर नाही. पहिल्या इनिंगमध्ये ही नजर जमवून घे. संशय असेल तर काही बोलू नकोस. स्वच्छ दिसलं तर मात्र न डगमगता हात वर कर, मग ती निर्णायक धाव का असेना.

बरं, तुझ्या मनातला मोठा धोंडा आता काढते. तिन्ही बेस सतत तुझ्या एकटीचे नाहीत. फर्स्टला रनर आहे, हिट आउटफिल्डला गेला आणि ती रनर सेकंड ओलांडून थर्डकडे निघाली, तर थर्डचा निर्णय प्लेट अंपायरचा. ती प्लेट सोडून फाऊलच्या बाजूने थर्डकडे येते आणि तू मागून येणाऱ्या बॅटरकडे बघतेस. बेस रिकामे असताना ग्राउंडर आला की तीच तुझ्या मदतीला फर्स्टच्या रेषेने थोडी पुढे येते, म्हणजे पाय बेसवरून उचलला गेला का ते तिलाही दिसतं. कॅच घेतल्यावर रनरने बेस आधी सोडला का, याची वाटणी बहुतेक ठिकाणी अशी असते की थर्ड तिचा, फर्स्ट आणि सेकंड तुझे. पण हे सगळं तोंडाने बोलून घ्यायचं! एका ओट्यापाशी दोघी असल्या की कसं होतं? हिला वाटतं तिचं दुधाकडे लक्ष आहे, तिला वाटतं हिचं, आणि दूध उतू जातं. म्हणून मैदानात मोठ्याने ओरडायचं, ‘थर्ड माझा!’ ऐकू आलं की उत्तर द्यायचं. दोघीही थर्डला पोचलात आणि एकीने आऊट, दुसरीने सेफ दाखवलं, तर तो दिवस तुम्ही विसरलात तरी शिवाजी पार्क विसरणार नाही.

जोडीदाराच्या निर्णयात बोलायचं नाही, हेही आलंच. बॅटरने बॅट अर्धी फिरवली की पूर्ण, असं तिने विचारलं तर सांग. विचारलं नाही तर गप्प. तुला मदत हवी असेल तर तू विचार, तिच्याजवळ जाऊन, हळू आवाजात. शेवटचा निर्णय ज्याचा त्यानेच जाहीर करायचा.

शाळांच्या सामन्यांत आणखी एक प्रकार वारंवार होतो. बॉल हातात नसताना मुलगी बेसच्या वाटेत उभी राहते आणि पळणारीला वळसा घ्यावा लागतो. त्या मुली मुद्दाम करत नाहीत गं, उभं कुठे राहायचं हेच कुणी शिकवलेलं नसतं. पण अडथळा तो अडथळाच. डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा, मूठ मिटलेली, आणि खेळ चालू द्यायचा. हालचाल संपली की अडथळा नसता तर ती जिथे पोचली असती तो बेस तिला द्यायचा. फर्स्टला वळसा घेताना हे फार घडतं आणि ते प्लेटकडून धड दिसत नाही. ते तुझं.

आता मैदानाचं. शिवाजी पार्कात आपल्या डायमंडला कुंपण मिळत नाही. तुझी राइट फिल्डर आणि शेजारच्या सामन्यातला डीप मिडविकेट पाठीला पाठ लावून उभे असतात. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी जोडीदाराबरोबर एक फेरी मार आणि दोन्ही सरांना समोर घेऊन हद्द ठरवा. बॉल त्या दोरी बांधलेल्या विकेटपर्यंत गेला तर काय, झाडाच्या बुंध्याला लागला तर काय, बघ्यांच्या पायात अडकला तर काय. जे ठरेल ते दोन्ही कर्णधार मुलींच्याही कानावर घाला. थ्रो हद्दीबाहेर गेला तर रनरला दोन बेस मिळतात, आणि ते मोजायचे थ्रो हातातून सुटला तेव्हा ती जिथे होती तिथून. तो बॉल कुठे गेला हे प्लेटवरची बघेल. सुटला तेव्हा प्रत्येक मुलगी कुठे होती, ते तुला सांगता आलं पाहिजे. आणि शेजारचा सीझन बॉल आपल्या मुलींच्या दिशेने आला तर दोन्ही हात वर करून ‘टाइम!’ म्हण. तो बॉल कुणाला लागू देऊन नियमाचा विचार करत बसू नकोस.

ओरडणाऱ्यांचं काय, विचारशील. ओरडणारच. त्यातल्या काही मुलींचे दहावीचे क्रीडागुण या सामन्यांवर अडकलेले असतात, पालकांचा जीव वर-खाली होतो. त्यांना समजून घे, पण त्यांच्याकडे वळून बघू नकोस. समोर तुझेच जुने सर आले आणि ‘अगं, काय हे!’ म्हणाले, तर नमस्कार सामन्यानंतर. तेव्हा फक्त ‘सर, टॅग लागला नाही, सेफ’ एवढंच बोल. ‘मला वाटलं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आऊट की सेफ या निर्णयावर प्रोटेस्ट होत नाही. नियम चुकीचा लावला असं त्यांचं म्हणणं असेल तर होऊ शकतो. तेव्हा शांतपणे जोडीदाराला बोलाव आणि दोघींनी मिळून ऐका. ‘बाई पंच ठेवल्यात वाटतं’ असं कुणी कुजबुजलं तर गालात हस. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या माहीम पार्कचं नाव १९२७ मध्ये शिवाजी पार्क झालं, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने. या मैदानाला बाईचा शब्द नवा नाही.

बारीकसारीक. रबरी खिळ्यांचे बूट आधी चार दिवस घालून मोकळे करून घे. लेन्स लावत असशील तर बॅगेत चष्मा ठेवच. वारा सुटला की ती लाल धूळ कुणाची गय करत नाही. क्लिकर डाव्या हातात, आणि दर बॅटरनंतर जोडीदाराशी बोटांनी आऊटची संख्या पडताळ. पाणी घोट घोट पी. स्वच्छतागृह कुठे आहे ते सामन्याआधी बघून ठेव, पॅड बॅगेत असू दे, ऐनवेळी कुणाला विचारत फिरायला नको. गडकरी चौकातली ‘आस्वाद’ची मिसळ सामन्यानंतर. आधी खाल्लीस तर सेकंडकडे धावताना कळेल.

आणि आज रात्री पलंगावर नुसती तळमळत पडू नकोस. हॉलमध्ये फरशीवर चार वाट्या मांड, कपड्यांचे चिमटे रनर म्हणून ठेव आणि प्रत्येक परिस्थितीत तू कुठे उभी राहशील ते चालून बघ. रिकामे बेस, फर्स्टला एक, सेकंडला एक. घरचे हसतील, हसू दे. फर्स्ट आणि थर्ड दोन्हीकडे चिमटे ठेवशील तेव्हा तू अडशील, कारण तिथे तू कुठल्या बाजूला उभं राहायचं हे जोडीदाराशी ठरवून घेतलेलं बरं. तेवढ्यासाठी तिला आत्ता फोन कर. नऊच्या आत कर, तिच्याकडे लहान बाळ आहे.